करवत तीनदा दबली

१

तळघरातल्या थंडखोलीचे दार मी रोज साडेनऊला उघडते. त्या दिवशी पाच मिनिटे आधी उघडले. त्या पाच मिनिटांसाठी मी अजून देवापुढे हात जोडते.

दाराच्या कोयंड्यात लोखंडी खिळा अडकवलेला होता. तो फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी अडकवतात. कोणीतरी विसरले असेल असे म्हणून मी तो काढला, हातमोजे चढवले आणि दार ओढले. आत दिवा चालू होता. मांडण्यांच्या मधल्या बोळात दोन बूट दिसले, टाचा माझ्याकडे.

गुरुजी, आमचे भूगर्भतज्ज्ञ, कुशीवर पडले होते. गुडघे पोटाशी, हात काखेत, भुवयांवर पांढरी भुकटी. मी हाक मारली, ते हलले नाहीत. त्यांचा चष्मा उचलून त्यांच्या नाकाशी धरला. बराच वेळ काही झाले नाही. मग काचेवर वाटाण्याएवढा धुरकट ठिपका उमटला.

त्यांच्या डोक्याजवळ एका पेटीचे लाकडी झाकण पडले होते. आम्ही दगडांवर खुणा करायला मेणाची जाड पेन्सिल वापरतो, तिने त्यावर लिहिले होते. पहिली अक्षरे नीट होती, शेवटची घसरत खाली गेली होती.

"पाणी सोडू नका. जुन्या विहिरीला धोका. पेटी सतरा नीट पाहा."

जुन्या विहिरीवर माझा धाकटा भाऊ कामाला आहे.

२

गुरुजींना हॉस्पिटलात नेले. जीव आहे, शुद्ध नाही, कधी येईल सांगता येत नाही, एवढाच निरोप आला.

आमचे काम काय, ते इथे सांगायला हवे. आमच्या गावाच्या आसपास जमिनीखाली फार खोल एक मेलेली नदी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ती नागमोडी वाहायची. दर पुरात वळणाच्या आतल्या काठावर वाळूचा एक तिरका थर टाकायची, पूर ओसरला की त्यावर चिखलाचा पातळ पापुद्रा धरायचा. पुढच्या पुरात पुढचा थर. छपरावरची कौले एकावर एक तिरकी बसावीत तसे. आता त्या वाळूत तेल आहे. ती वाळू सुटी असते, म्हणून विहीर खोदताना तिचे लांबट गोल तुकडे काढून गोठवून ठेवतात. नाहीतर पिठासारखी ढासळते. ते तुकडे मी करवतीने उभे चिरते आणि गुरुजी ते वाचतात. पोथी वाचावी तसे, फक्त शेवटच्या ओळीपासून वर.

महिनाभर वाद चालला होता एकाच गोष्टीचा. बारा नंबरच्या विहिरीतून दाबाने पाणी सोडून तेल पुढे ढकलायचे ठरले होते. संगणकावर नदीचा नकाशा करणारे, ऑफिसात सगळे ज्यांना जावईबापू म्हणतात ते, म्हणत, खालची वाळू म्हणजे एकच मोठी खोली आहे, पाणी सगळीकडे सारखे पसरेल. गुरुजी म्हणत, खोली एक नाही, चिखलाच्या तिरक्या भिंतींनी तिच्या अरुंद खोल्या झाल्या आहेत. पाणी त्यातल्या एकीतच कोंडेल. आणि त्याच खोलीत जुनी विहीर उतरलेली आहे, गंजलेल्या नळीची. दाब तिथून फुटेल.

त्या नळीच्या तोंडाशी चार माणसे दुरुस्ती करत होती. पाणी सोडायची वेळ दुपारी एक.

आदल्या दिवशी संध्याकाळी गुरुजी मला म्हणाले होते, "ताई, सतराव्या पेटीत सापडलं. उद्या दहा वाजता साहेबांना दाखवतो."

मी पुन्हा थंडखोलीत गेले आणि सतरावी पेटी ओढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ वाळू होती. चिखलाची एक रेघसुद्धा नाही.

मी तिथेच उभी राहिले. ही पेटी मागच्या आठवड्यात मीच चिरली होती. चिरताना तोंडावर काच असते, अंगावर गाळ उडतो, दगड दिसत नाही. पण करवतीचा आवाज ऐकू येतो. वाळूत ती किरकिरते, चिखलात दबते, घोगरी होते. सतराव्या पेटीला ती तीनदा दबली होती. मला पक्के आठवत होते, कारण तिसऱ्यांदा मला वाटले होते की पातेच गेले.

वर येऊन मी भावाला फोन लावला.

"तू आज घरी ये," मी म्हणाले. "पोट दुखतंय सांग."

"माझं पोट दुखत नाहीये."

"दुखेल."

तो हसला. "ताई, लहानपणी विहिरीत डोकावू द्यायची नाहीस, आता विहिरीवर उभं राहू देत नाहीस. साहेबांचा हुकूम आण, सगळेच उतरतो. एकटा पळालो तर उद्या तोंड कुणाला दाखवू? घाबरट आहेस तू."

मी फोन ठेवला. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

३

साडेदहाला आत्याबाई आल्या. या सुरक्षा विभागाच्या अधिकारी. सगळ्यांचे बूट, टोप्या, हातमोजे लग्नघरातल्या आत्येसारखे तपासतात, म्हणून हे नाव. आवाज इतका हळू की ऐकायला वाकावे लागते. दगडातले त्यांना काही कळत नाही.

थंडखोलीच्या दाराशी त्या बराच वेळ थांबल्या. दारात वितभर गोल काच आहे. आतून उघडायचा दांडा आहे, पण खिळा घातला की तो चालत नाही. धोक्याची घंटा वर्षभर बंद होती.

"या खिळ्याबद्दल मी दोन पत्रं लिहिली," त्या म्हणाल्या. "घंटेबद्दल तीन. आपली पत्रं कोणी वाचत नाही, नाही का गं पोरी?"

मग त्यांनी झाकण हातात घेतले आणि दोनदा वाचले.

"इतकं लिहायला त्यांच्या बोटांत जीव होता. पण आपल्याला कोणी कोंडलं ते लिहिलं नाही."

"पाहिलं नसेल."

"या काचेतून? तोंडासमोर कोणी खिळा घालतोय आणि दिसणार नाही?" त्यांनी झाकण अलगद खाली ठेवले. "कोणाचं नाव माणूस मरायला टेकला तरी लिहीत नाही, याचा विचार करतेय मी."

मी सतरावी पेटी पुन्हा ओढली.

सतराव्या पेटीच्या पत्र्याच्या कडेला नखाएवढे पांढुरके काहीतरी चिकटलेले होते. मला चिठ्ठीचा कपटा वाटला. आत्याबाईंनी तो चिमट्याने काढून रुमालात ठेवला.

तळघराच्या किल्ल्या पाच. एक माझी, एक गुरुजींची. उरलेल्या तीन भांडारकाका, साहेब आणि जावईबापू यांच्याकडे. गुरुजी आठला आले होते आणि हे तिघे त्याच्याही आधी. चौथे कोणी इमारतीत नव्हते.

भांडारकाका जिन्याखाली बसले होते. हातावर हातमोज्यांचे दोन जोड, एकावर एक.

"माझ्यावरच येणार हे," ते म्हणाले. "त्यांचं-माझं अठरा वर्षं भांडण. सवतींचं पटेल, आमचं पटणार नाही. पेट्या उघड्या टाकतात. पण कोंडायचं असतं तर अठरा वर्षं थांबलो असतो का मी?"

"सकाळी कुठे होतात?" आत्याबाईंनी विचारले.

"साडेसातला आलो, मागचं अंगण झाडलं, चहाला गेलो. परत येऊन मागेच गाड्या उतरवत होतो. खाली आलोच नाही."

"पेट्यांत तुकडे कोण लावतं?"

"मी. कुठला तुकडा वर, कुठला खाली, मला दगडातलं कळत नाही. पण बाहेर काढल्याबरोबर प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर दोन रेघा मारतात, तांबडी आणि काळी. तांबडी उजव्या हाताला आली की तुकडा डोकं वर ठेवून आहे. डाव्या हाताला आली तर उलटा. बस, एवढ्यावर माझा संसार चाललाय." त्यांनी वर पाहिले. डोळे तांबारले होते. "बाई, ते जगतील ना? मग मी भांडू कोणाशी?"

४

साहेब खोलीत येरझाऱ्या घालत होते. झाकणावरचे शब्द त्यांना माहीत होते.

"महिनाभर हेच ऐकतोय. पुरावा आणा म्हटलं. पेटी सतरा पाहा म्हणतात, पाहिली. कुठे आहे चिखल?"

मी करवतीचे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"ताई, तीनशे माणसं, सहा पंप, दोन वर्षांची तयारी. आणि मी करवतीच्या आवाजावर थांबवू? उद्या कढईच्या आवाजावर थांबवायला सांगाल." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "माझ्यावर संशय असेल तर असू द्या. सकाळी इथेच होतो, एकटा. मला भूगर्भशास्त्र येत नाही. मी तुकड्यांवर रेघा मारणारा पोऱ्या होतो, तिथून इथवर आलो. डोळ्यांवर पट्टी बांधा, तांबडी कुठे आणि काळी कुठे सांगतो. पण दगड काय म्हणतो ते मला दुसऱ्यांनीच सांगावं लागतं. दुसरे दोघं दोन गोष्टी सांगतात."

आम्ही बाहेर पडलो. घड्याळात साडेअकरा. ओठांवर सकाळपासून देवाचे नाव चालले होते, तेही आता अडखळायला लागले.

जावईबापू हे गुरुजींचे खरोखरचेच जावई, ऑफिसात थट्टेने तेच नाव पडले. टेबलावर तीन पडदे, त्यांवर पिवळी नदी. चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरला होता. डोळे रडलेले होते.

"त्यांनी मला मुलासारखं वागवलं," ते म्हणाले. "वाद होता तो कागदावरचा. रविवारी जेवायला त्यांच्याकडेच असतो आम्ही."

"हॉस्पिटलात गेला नाहीत?" आत्याबाईंनी विचारले.

"बायको गेलीय. एक वाजेपर्यंत मला इथून हलता येत नाही. नकाशावर सही माझी आहे."

"खाली कधी उतरता?"

"नाही उतरत. थंडी सोसत नाही मला. किल्ली दिलीय, ती ड्रॉवरमध्येच पडून असते. मला फोटो पुरतात." त्यांनी एक फोटो उघडला. "हे पाहा, चिरलेली बाजू. नदी पाण्यात असलेली जाड वाळू आधी टाकते, मग बारीक. म्हणून तुकडा खाली जाड, वर बारीक. मी दुरून ओळखतो."

"आणि पाठीवरच्या रेघा?"

"कुठल्या रेघा?" त्यांनी कप खाली ठेवला, पुन्हा तळव्यांतच धरून. "मागची बाजू फोटोत येत नाही."

"सतराव्या पेटीचा फोटो आहे?"

"अजून काढलेला नाही. पण पेटी तर तुम्ही पाहिलीत ना, ताई? स्वच्छ वाळू आहे."

मी मान हलवली. जिना उतरताना मात्र मी मध्येच थांबले. पेटी मी पाहिली होती खरी. पण त्यांच्यासारखीच, वरून.

५

"आत्याबाई, मला पेटी उलटून पाहायचीय," मी म्हणाले.

थंडखोलीत शिरताना मी खिळा माझ्या खिशात घातला. सतराव्या पेटीत आठ तुकडे. पहिला उचलून मागे पाहिले. तांबडी रेघ उजवीकडे. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच.

चौथ्याची तांबडी रेघ डावीकडे होती.

पाचव्याचीही.

सहाव्यापासून पुन्हा उजवीकडे.

माझे दात वाजत होते. मी चौथा तुकडा रेघांप्रमाणे सरळ केला, तशी जाड वाळू वर आली आणि बारीक खाली गेली. पुन्हा फिरवला. जाड खाली, बारीक वर, अगदी शहाण्यासारखा. पण रेघा उलट्या.

"मला समजेल असं सांग," आत्याबाई म्हणाल्या.

"हे दोन तुकडे या पेटीतले नाहीतच. दुसऱ्या विहिरीचे आहेत. कधीकधी नदी काठ फोडून बाहेर पडते, तिथे वाळू वरच्या बाजूला जाड होत जाते, तसले. कोणीतरी चिखलाचे दोन तुकडे काढून त्यांच्या जागी हे ठेवले. तसेच ठेवले असते तर गुरुजींना एका नजरेत कळलं असतं की ही वाळू इथली नाही. म्हणून त्यानं ते फिरवले. जाड बाजू खाली केली."

"आणि रेघा मागे, खाली दडलेल्या."

"हो."

आत्याबाई दारातल्या गोल काचेकडे पाहत राहिल्या. मग एकेक शब्द जपून ठेवावा तशा बोलल्या.

"भांडारकाकांनी हे केलं असतं तर रेघा सरळ राहिल्या असत्या, कारण त्यांना तेवढंच कळतं. वाळू जाड की बारीक, त्यांना त्याचं काय? साहेबांचंही तेच, रेघा मारतच मोठे झाले. म्हणजे हे करणाऱ्याला नदी कळते आणि पेटी कळत नाही. ज्यानं तुकड्याची पाठ जन्मात पाहिली नाही." त्यांनी रुमाल उलगडला. "आणि ज्याला इतकंही माहीत नाही की गोठलेल्या पत्र्याला उघड्या बोटानं हात लावायचा नसतो. हा कागद नाही, पोरी. कातडीचं सालपट आहे."

मला कप आठवला. दोन तळव्यांमध्ये धरलेला.

"गुरुजींनी नाव का लिहिलं नाही, तेही कळलं आता," त्या म्हणाल्या. "लेकीचं कुंकू असं झाकणावर कोण लिहील?"

वर घड्याळात बारा वाजून पस्तीस झाले होते.

६

साहेबांना घेऊनच आम्ही जावईबापूंच्या टेबलाशी गेलो. आत्याबाईंचा आवाज नेहमीइतकाच हळू होता.

"बाळ, हात दाखव."

त्यांनी हात टेबलाखाली नेले. मग हळूच वर आणले. उजव्या हाताची तीन बोटे टोकाला सोललेली होती.

"आणि पिशवी."

खुर्चीखालची पिशवी बुडाशी ओली होती, तेलाचा वास येत होता. साहेबांनी ती उघडून टेबलावर कागदावर उपडी केली. गोठलेली वाळू कधीच वितळून गेली होती, तिचा नुसता काळा चिखलट ढीग पडला. त्या ढिगात अंगठ्याएवढ्या जाडीच्या तीन करड्या चकत्या होत्या. चिकणमातीच्या, तिरक्या, कडेपासून कडेपर्यंत अखंड. वाळू ढासळली होती, भिंती शाबूत होत्या.

मी मोजल्या. एक, दोन, तीन.

"दहा मिनिटं कोंडणार होतो," जावईबापू म्हणाले. कोणी विचारले नव्हते. "पिशवी गाडीत ठेवेपर्यंत. ती घेऊन मी निघालो, तेवढ्यात ते पेटीकडे आले. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत, नुसतं पाहिलं. मी वर आलो, अंगणात भांडारकाका होते म्हणून पिशवी खुर्चीखालीच टाकली, आणि मग खाली जायला पाय उठेनात. दर मिनिटाला वाटायचं, आता गेलो तर उशीर झालेला असेल. सही केली होती मी, साहेब. एक खोली म्हणून सही केली होती."

साहेब त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते पंपावर फोन लावत होते. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना. दुसरा फोन, तोच प्रकार. मी घड्याळाकडे पाहिले. बारा पंचेचाळीस.

"अजून पंधरा मिनिटं आहेत," मी म्हणाले.

साहेबांनी फोन खाली ठेवला. "पंपाच्या आवाजात फोन ऐकू येत नाही," ते म्हणाले. "लवकर सुरू केलं त्यांनी."

मी भावाला फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. साहेब वायरलेसवर ओरडत होते, पंप थांबवा, जुन्या विहिरीवरून माणसं उतरवा. पलीकडून खरखर येत होती. मी डोळे मिटले. देवाजवळ मागताना माणूस मोठे शब्द शोधतो. मला एकच सुचले. त्याला पळू दे.

बारा वाजून त्रेपन्न मिनिटांनी खरखरीतून कोणीतरी म्हणाले, "थांबवला."

भावाचा फोन मात्र लागेना.

७

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर गुरुजींची लेक बसली होती. सकाळपासून वडिलांसाठी रडली होती, आता कोणासाठी रडावे ते तिला ठरवता येत नव्हते. जुन्या विहिरीवरचे चौघे उतरले एवढा निरोप दुपारी आला होता, भाऊ मात्र अजून दिसला नव्हता. मी तिच्या शेजारी बसले. नुसता हात धरून ठेवला.

गुरुजींना चारला शुद्ध आली होती. मी आत गेले, तेव्हा त्यांनी ओठ हलवले. मी वाकले.

"करवत?"

"तीनदा दबली, गुरुजी."

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळले. "पोरीला आत पाठव," ते म्हणाले.

बाहेर आले तर बोळाच्या टोकाला माझा भाऊ उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टोपी नाही. फोन पळताना पडला होता. मला पाहून तो नेहमीसारखा हसला नाही. भिंतीला टेकला.

"दहा मिनिटांत दाबाचा काटा शून्यावरून चाळीसवर गेला," तो म्हणाला. "पायाखालून बुडबुडे यायला लागले, ताई. गरम. आमचा म्हातारा मुकादम म्हणाला थांबा, हुकूम येऊ द्या. तेवढ्यात हुकूम आला. आम्ही कुंपणापर्यंत पोचलो आणि मागे नळीची टोपी उडाली. मी जिथे उभा होतो, तिथेच."

मी त्याच्या बाहीवरचा चिखल बोटाने खरवडत राहिले. करडा, चिकट, अंगठ्याखाली न तुटणारा.

त्याने माझा हात धरला.

"ताई," तो म्हणाला, "तू अशीच घाबरत जा."